मुलाला आइस हॉकीत डिफेन्समन व्हायचंय, हे करिअर नेमकं कसं असतं?

प्रश्न मुलुंडच्या एका वडिलांचा आहे. मुलगा १३ वर्षांचा, इनलाइन हॉकी (चाकांच्या स्केट्सवरची) खेळतो, टीममध्ये कायम मागे डिफेन्सला, थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला उठून एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगच्या, मॅच बघतो आणि आता घरात जाहीर केलंय की मला प्रोफेशनल आइस हॉकीचा डिफेन्समनच व्हायचंय. वडिलांना हवंय ते असं की यात पैसा किती, किती वर्षं टिकतं, लागतं किती, आणि मुलाला कॅनडाला पाठवायचं का.

मी पार्ल्याचा, नोकरीसाठी टोरोंटोच्या बाजूला बरीच वर्षं राहिलो, तिथे १३ ते १७ वयाच्या मुलांच्या टीममध्ये डिफेन्सचा कोच म्हणून काम केलं आणि परत आल्यापासून मुंबई-ठाण्यातल्या इनलाइनच्या पोरांना शिकवतो. दोन्हीकडची पोरं जवळून बघितलीयत, त्यामुळे जे सांगतोय ते मनापासून आणि न लपवता सांगतोय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन – एनएचएलचं रिंक साधारण ६१ बाय २६ मीटर, एका वेळी बर्फावर ६ जण, ३ फॉरवर्ड, २ डिफेन्समन, १ गोली म्हणजे गोलकीपर. २० मिनिटांचे ३ पिरियड. ४०-४५ सेकंद जीव तोडून खेळायचं आणि बाहेर यायचं, याला शिफ्ट म्हणतात. मॅचला साधारण १२ फॉरवर्ड आणि फक्त ६ डिफेन्समन असतात, म्हणजे मागच्यांच्या वाट्याला जास्त वेळ येतो, पहिल्या जोडीतले तर २५-२५ मिनिटं खेळतात.

आता मुख्य गोष्ट. डिफेन्समनचं अख्खं करिअर कोचच्या भरवशावर उभं असतं. फॉरवर्डने दहा चुका केल्या आणि एक गोल मारला तर तो हिरो, मागच्याने एकच चूक केली तर पक (खेळायची रबराची चकती) आपल्या जाळ्यात. शेवटचं एक मिनिट उरलंय, एक गोलची आघाडी आहे, समोरच्यांनी गोली काढून सहावा खेळाडू घातलाय, अशा वेळी कोच ज्या दोघांची नावं घेतो ते दोघं पुढची दहा वर्षं नोकरीत असतात, असं समजा. ड्राफ्ट (एनएचएलच्या टीम नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो), कॉन्ट्रॅक्ट, बढती, सगळं त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं की याला आत्ता बर्फावर पाठवलं तर मला धडधडेल का. मुलं हायलाइट्स बघतात, त्यात जोरदार शॉट आणि धडका दिसतात, आणि ज्यावर पगार मिळतो ते काम हायलाइट्समध्ये येतच नाही.

ते काम कसं असतं ते जरा जवळून सांगतो, कारण मुलाने हेच बघायला शिकायचंय. समोरची टीम पक आपल्या कोपऱ्यात मारून टाकते आणि त्यांचा एक फॉरवर्ड सुसाट मागे लागतो. आपला डिफेन्समन वळतो आणि स्वतःच्या गोलकडे तोंड करून त्या पकच्या मागे पळतो, म्हणजे ज्याच्याकडून धडक बसणार त्याच्याकडे त्याची पाठ आहे. पकपर्यंत पोचायच्या आत त्याने दोनदा खांद्यावरून मागे बघायचं असतं, एकदा लांब असताना, एकदा पक दोन पावलांवर आल्यावर. पहिल्या नजरेत कळतं किती जण येतायत, दुसऱ्या नजरेत कळतं कुठल्या खांद्याकडून येतोय. त्याच वेळी गोली ओरडत असतो, व्हील म्हणजे तूच घेऊन जाळीमागून फिर, रिव्हर्स म्हणजे उलट्या दिशेला सोड, ओव्हर म्हणजे जोडीदाराला दे. मग एका खांद्याने खोटी हूल द्यायची, मागचा तिकडे झुकला की पक दुसऱ्या बाजूला ओढायचा आणि डोकं वर काढून विंगरच्या (कडेच्या फॉरवर्डच्या) स्टिकवर सपाट, कडक पास. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत. हे जमलं तर समोरच्यांची चाल तिथेच मेली, प्रेक्षकांना काही दिसलंच नाही, आणि बेंचवर कोचने मनातल्या मनात एक खूण केली. नाही जमलं तर पुढचा अर्धा मिनिट आपण आपल्याच गोलसमोर अडकलेले, पाय जड झालेले, आणि बदली करायला जाता येत नाही.

टोरोंटोकडे १४ वर्षांची पोरं असली की मी पहिल्या दिवशी शॉट बघायचोच नाही. कोपऱ्यात पक टाकायचो आणि डोकं किती वेळा वळतं ते मोजायचो. ज्याचं डोकं वळत नाही तो कितीही देखणा स्केटर असू दे, मोठ्या लेव्हलला पहिल्या महिन्यातच बोर्डवर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, आपटणार.

दुसरं काम गॅपचं. समोरचा पक घेऊन येतोय, तुम्ही उलटे जाताय, मध्ये अंतर किती ठेवायचं? आपल्या ब्लू लाइनपाशी, म्हणजे आपला बचावाचा भाग सुरू होतो त्या निळ्या रेषेपाशी, पोचेपर्यंत ते साधारण एका स्टिकच्या लांबीएवढं यायला हवं, स्टिक एका हातात पुढे, नजर पकवर ठेवायची नाही तर त्याच्या छातीवर ठेवायची, कारण पक फसवतो, हात फसवतात, छाती फसवत नाही. आणि स्वतः रिंकच्या मधल्या भागात राहून त्याला कडेला ढकलत न्यायचं. अंतर जास्त ठेवलं तर तो आरामात शॉट मारतो, कमी ठेवलं तर बगलेतून निघून जातो. हे उलटं स्केटिंग आणि त्यातून एका झटक्यात सरळ वळणं, यावर इतके तास घालावे लागतात की बाकी सगळं त्यानंतर येतं. मुंबई क्रिकेटमध्ये बॅट्समनला जो खडूसपणा लागतो, की मी विकेट देणार नाही, तू काय करायचं ते कर, अगदी तीच वृत्ती इथे लागते.

निकलास लिडस्ट्रॉम बघा, मुलाला त्याच्या जुन्या मॅच दाखवा. स्वीडनचा, १९८९ च्या ड्राफ्टमध्ये ५३ व्या नंबरवर डेट्रॉइटने घेतला, २० सीझन एकाच टीमकडून १,५६४ मॅच, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी ७ वेळा, एनएचएलचं विजेतेपद म्हणजे स्टॅनली कप ४ वेळा, आणि तो ज्या २० वर्षांत खेळला त्यात डेट्रॉइट एकदाही प्लेऑफमधून बाहेर राहिली नाही. धडका मारून नाव कमावलेला माणूस नव्हता तो, सगळं स्टिकवर आणि उभं कुठे राहायचं यावर. वयाच्या ४२ व्या वर्षी थांबला.

याच्याच पुढची गोष्ट म्हणजे डिफेन्समन उशिरा पिकतो. ड्राफ्ट १८ व्या वर्षी होतो, सात राउंड, आणि त्या वयात मागच्या खेळाडूचं खरं मोजमाप होतच नाही. नंबर बघा तुम्ही, लिडस्ट्रॉम ५३, डंकन कीथ ५४, झ्डेनो चारा ५६, शे वेबर ४९, पी. के. सुब्बान ४३, रोमन योसी ३८, आत्ताचा लेन हटसन ६२. एकही पहिल्या राउंडचा नाही आणि यातल्या वेबर आणि हटसनशिवाय प्रत्येकाने नॉरिस जिंकलीय, हटसनने २०२५ मध्ये सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर जिंकली. मार्क जिओर्डानोला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं, मधे एक सीझन रशियात खेळून आला आणि २०१९ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी नॉरिस. म्हणून १३ वर्षांच्या पोराचा आज कोणी मागे लागत नाही यावरून काही ठरवू नका. उंचीवरूनही नाही. चारा ६ फूट ९ इंच आहे हे खरं, पण २०२४ ची नॉरिस जिंकणारा क्विन ह्यूज ५ फूट १० आहे आणि हटसन त्याच्याहून थोडा बुटका. हल्ली वेग आणि डोकं असेल तर उंची माफ आहे, पण मग डोकं खरोखर तसं लागतं.

एक वेगळी गोष्ट, जी आपल्या मुलांच्या बाजूची आहे. मैदानी हॉकीची स्टिक एकाच बाजूची असते, डावा हात वर, उजवा खाली, त्यामुळे आपल्याकडे ज्याने शाळेत थोडी जरी हॉकी खेळलीय तो आइस हॉकीतही उजवीकडून शूट करतो. कॅनडात बहुतेक पोरं डावीकडून करतात आणि उजव्या बाजूचे डिफेन्समन सगळ्यांनाच कमी पडतात. तुमचा मुलगा उजवीकडून खेळत असेल तर कोणी सांगितलं म्हणून बदलू नका.

आता मार्ग कसा असतो. कॅनडातलं पोर चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर, १३-१४ व्या वर्षापासून मोठ्या लेव्हलला बॉडीचेकिंग (अंगाने धडक मारणं) सुरू, त्याआधीच्या गटात हॉकी कॅनडाने २०१३ पासून ते बंद केलंय. १५-१६ व्या वर्षी मेजर ज्युनियर, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल, क्यूएमजेएचएल या तीन लीग. बरीच पोरं तेव्हाच घर सोडतात, दुसऱ्या गावी एखाद्या कुटुंबाकडे राहतात, शाळा तिथेच, बसने रात्र-रात्र प्रवास. दुसरा रस्ता अमेरिकेतल्या यूएसएचएल या ज्युनियर लीगमधून कॉलेजचा, म्हणजे एनसीएए या कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचा. आधी मेजर ज्युनियर खेळलं की कॉलेजची दारं बंद व्हायची, २०२५-२६ पासून ती अट गेली, हे फार चांगलं झालं कारण शिक्षण हातात ठेवून खेळता येतं, आणि उशिरा पिकणाऱ्या डिफेन्समनला कॉलेजची तीन-चार वर्षं फार मानवतात. केल मकार तसाच आला, मॅसॅच्युसेट्सच्या कॉलेजमधून, आणि २०२२ मध्ये स्टॅनली कप, प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू आणि नॉरिस, तिन्ही एकाच वर्षात.

ड्राफ्ट झाला म्हणजे झालं असं नाही. त्यानंतर बहुतेकांना एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, दोन-तीन वर्षं काढावी लागतात, त्याखाली ईसीएचएल. एनएचएलच्या ३२ टीम, प्रत्येकीत सात-आठ डिफेन्समन, म्हणजे अख्ख्या जगात या जागा अडीचशेच्या आसपास. सातव्या नंबरचा जो असतो ना, त्याचं आयुष्य सगळ्यात अवघड, रोज प्रॅक्टिस, मॅचला सूट घालून वर प्रेक्षकांत बसायचं, कोणाला लागलं की एका तासात तयार. फोन आला की बॅग भरून दुसऱ्या गावी, ट्रेड झाला तर बायको-मुलं मागाहून. ज्यांना वाटतं हे झगमगाटाचं आयुष्य आहे त्यांनी एएचएलच्या टीमचा एक महिना बघावा.

पैशाचं पटकन सांगतो. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ ला ७ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे आपले साडेसहा-सात कोटींच्या आसपास. वरच्या टोकाला एरिक कार्लसनसारखा डिफेन्समन वर्षाला १ कोटी १५ लाख डॉलरच्या कॉन्ट्रॅक्टवर. पण यातून टॅक्स जातो, एजंटचे जातात, लीगच्या महसुलाच्या हिशोबासाठी काही रक्कम कापून राखून ठेवतात, आणि नव्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट बहुधा टू-वे असतं, म्हणजे एएचएलमध्ये पाठवलं की पगार एकदम खाली. ईसीएचएलमध्ये आठवड्याच्या हिशोबाने शेकड्यांत डॉलर आणि राहायला जागा. युरोपात स्वित्झर्लंड, स्वीडन, जर्मनी इथे चांगलं जगता येतं, घर-गाडी क्लबची असते, आणि एनएचएल न मिळालेले कितीतरी डिफेन्समन तिथे ३५-३६ पर्यंत इज्जतीने खेळतात. माझ्या मते खरं करिअर म्हणून बघायचं तर हा वर्ग बघा, वरचे दहा तारे बघून हिशोब करू नका.

किती वर्षं टिकतं? चारा ४५ वर्षांचा होईपर्यंत खेळला, १,६८० मॅच, डिफेन्समनमध्ये सगळ्यात जास्त. आणि बॉबी ऑर, ज्याने ही जागाच बदलून टाकली, १९६६ ला १८ व्या वर्षी बॉस्टनमध्ये आला, सलग ८ नॉरिस, लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आजवरचा एकमेव डिफेन्समन आणि तेही दोनदा, त्याचं गुडघ्यांपायी तिशीत संपलं, सगळ्या मिळून ६५७ मॅच. आज गुडघ्याची ऑपरेशन्स खूप सुधारलीयत, पण जांघ, खुबे आणि कंबर हे डिफेन्समनचे कायमचे दुखरे भाग, कारण उलटं जाता जाता वळण्यात सगळा मार तिथे येतो.

दुखापतींवर मी जास्त बोलणार आहे, कारण आई-वडिलांनी यात ढिलं राहू नये. पक म्हणजे दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचं घट्ट रबर, मॅचआधी गोठवलेलं. चाराचा शॉट २०१२ मध्ये ताशी १७५ किलोमीटरने मोजला गेला होता. आणि डिफेन्समनचं कामच आहे अशा शॉटसमोर पाय, पोट आडवं घालणं, त्यामुळे पावलाची हाडं मोडतात, बोटं मोडतात. डंकन कीथचे २०१० च्या प्लेऑफमध्ये तोंडावर पक बसून ७ दात गेले आणि तो त्याच मॅचमध्ये परत येऊन खेळला, पोरं ही गोष्ट डोळे चमकवून सांगतात. दात बसवता येतात, ते सोडा. डोळा आणि मेंदू बसवता येत नाही. ख्रिस प्रोंगर, २००० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला डिफेन्समन, २०११ मध्ये डोळ्याला स्टिक लागली, त्याच सीझनमध्ये डोक्याच्या दुखापतीची लक्षणं सुरू झाली आणि करिअर तिथेच थांबलं. स्टीव्ह माँटाडोर २०१५ मध्ये ३५ व्या वर्षी गेला, त्याच्या मेंदूत वारंवार मार बसून होणारा सीटीई हा आजार सापडला. ही नावं मुलाला माहीत असू देत, घाबरवायला म्हणून नाही, डोकं गरगरतंय, उजेड सहन होत नाहीये, मळमळतंय हे त्याने लगेच सांगावं म्हणून. पडल्यानंतर असं काही झालं तर त्या दिवशी परत खेळायचं नाही, कोचने सांगितलं तरी नाही, फायनल असली तरी नाही. डॉक्टरने सोडल्यावर आधी शाळा, मग हलका व्यायाम, मग स्केटिंग, सगळ्यात शेवटी धक्काबुक्की.

आणि मानेचा गार्ड. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफिल्डला मॅच चालू असताना अॅडम जॉन्सनच्या मानेला स्केटचं पातं लागून तो गेला. त्यानंतर जागतिक संघटनेने तिच्या स्पर्धांत मानेचा गार्ड सक्तीचा केला. इनलाइनमध्ये चाकं असतात म्हणून आपल्याकडे कोणाच्या लक्षात येत नाही, बर्फावर पाय ठेवायचा तर गार्डशिवाय नाही, हे घरातच ठरवून टाका.

आता मुंबईचं. इथे पूर्ण मापाचं बर्फाचं रिंक नाही. पूर्वी गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये आइस स्केटिंग होतं, कितीतरी जणांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ तिथेच बघितला, २०२२ ला ते पार्कच बंद झालं. मॉलमधल्या बर्फाच्या खोल्या मजेसाठी ठीक, तिथे हॉकी होत नाही. मग आपली पोरं सिमेंटवर किंवा टाइल्सवर इनलाइन खेळतात, पावसाळ्यात चार महिने निम्म्या प्रॅक्टिस रद्द, एखाद्या शाळेचा किंवा सोसायटीचा हॉल मिळाला तर नशीब. एवढ्यात जी पोरं टिकतात त्यांची चिकाटी कॅनडातल्या पोरांपेक्षा कमी नाही, हे मी दोन्हीकडे बघून सांगतोय.

पण इनलाइन आणि आइस यांत फरक आहे आणि तो डिफेन्समनला सगळ्यात जास्त टोचतो. इनलाइनमध्ये गोली सोडून चारच जण, ब्लू लाइनचा ऑफसाइड नाही, बॉडीचेकिंग नाही, जागा भरपूर. त्यामुळे तुमच्या मुलाचा पास आणि पकवरचा हात बहुतेक चांगला असणार, ते फुकट जात नाही. अडतं ते थांबण्यात. चाकं बर्फावरच्या पात्यासारखी आडवी घसरत नाहीत, म्हणून इनलाइनची पोरं थांबायच्या जागी गोल वळण घेतात. बर्फावर डिफेन्समनला गोलसमोर थांब, निघ, थांब, निघ असंच करावं लागतं, तिथे जो गोल फिरून येतो त्याचा माणूस तोवर मोकळा होऊन गोल मारून गेलेला असतो. पातं दोन्ही कडांवर टेकवायला शिकणं आणि दोन्ही बाजूंनी थांबणं, एवढं एक जमायला आपल्या पोरांना बर्फावर बरेच तास लागतात. डाव्या बाजूचं थांबणं तर जवळजवळ सगळ्यांचंच कच्चं असतं.

म्हणून स्पष्ट बोलतो. भारतात खेळ शिकून एनएचएलमध्ये गेलेला खेळाडू आजवर झालेला नाही. आपल्या वंशाचे जे गेले, १९८९-९० च्या सीझनमध्ये पहिला रॉबिन बावा, मग मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा, आत्ताचा अर्शदीप बैंस, सगळे कॅनडात वाढलेले आणि सगळे फॉरवर्ड. १३ व्या वर्षी मुंबईतून निघणाऱ्या मुलाला समोरच्यांच्या आठ-नऊ वर्षांच्या बर्फाशी बरोबरी करायचीय. एनएचएल हे ध्येय त्याच्या मनात राहू द्या, पण घरचा पैसा त्या आशेवर लावू नका. फक्त हॉकीसाठी कॅनडाला पाठवायचं असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. तिथे वरच्या लेव्हलच्या टीमचे एका सीझनचे हजारो डॉलर होतात, व्हिसा, शाळेची फी, पालकांपैकी एकाला तिथे राहावं लागणं, खेळाडूच्या ट्रान्सफरचे नियम, आणि एवढं करून मुलगा खालच्या टीममध्ये बेंचवर बसला तर १४ व्या वर्षी त्याच्या मनावर जे ओझं येतं ते मी पोरांच्या चेहऱ्यावर बघितलंय. आपल्यासाठी आई-बाबांनी घर गहाण टाकलंय हे ज्या पोराला माहीत असतं तो कोपऱ्यात पक घ्यायला जाताना मोकळेपणाने खेळूच शकत नाही. तुमची बदली किंवा नोकरी तिकडे होत असेल, अख्खं कुटुंब जाणार असेल, तर मात्र जरूर घाला, पहिलं वर्ष घराजवळच्या साध्या टीममध्ये.

इथे राहून काय आहे? बरंच आहे, आणि ते दुय्यम समजू नका. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य आहे, पुरुषांची टीम २००९ पासून आशियाई स्पर्धा खेळते, आणि २०२५ मध्ये आपल्या मुलींनी अल ऐनला आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणलं, त्यातल्या बहुतेक लडाखच्या. घरात मुलगी असेल आणि तिलाही खेळायचं असेल तर अडवू नका, उत्तर अमेरिकेत महिलांची पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ पासून चालू झालीय. राष्ट्रीय स्पर्धांना महाराष्ट्राची टीमही जाते. समोर लडाख, आर्मी, आयटीबीपी यांच्या टीम असतात, ती पोरं तळ्यांवरच्या बर्फावर वाढलेली, स्केटिंगला भारी, त्यांच्यासमोर एक सीझन डिफेन्सला उभं राहिलं की मुलाला आपण कुठे आहोत ते आपोआप कळतं. महाराष्ट्राच्या टीममध्ये जागा, मग राष्ट्रीय शिबिर, मग भारताची जर्सी, हा रस्ता कठीण आहे पण मुलुंडहून दिसतो. पुढे शिक्षणासाठी बाहेर गेला तर कॉलेजच्या क्लब टीम आहेत, ऑस्ट्रेलियात एप्रिलपासून चालणारी अर्ध-व्यावसायिक लीग आहे, रेफरी आणि कोचिंगची रीतसर सर्टिफिकेट्स आहेत. मॅनी मल्होत्राच बघा, २०११ मध्ये डोळ्याला पक लागून डोळा जायची वेळ आली होती, त्यातून परत खेळला, नंतर कोच झाला आणि २०२५ मध्ये त्याच्या अॅबट्सफोर्डने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला, त्या टीममध्ये बैंसही होता. खेळातलं आयुष्य खेळणं संपल्यावरही असतं.

या वर्षी काय करायचं ते सांगतो. रोज वीस मिनिटं उलटं स्केटिंग, दोन्ही बाजूंनी वळणं, आणि कमकुवत बाजू आधी. गच्चीवर भिंतीवर पक किंवा बॉल मारून परत घ्यायचा, आणि तो येईपर्यंत एकदा मागे वळून बघायचं, मागे तुम्ही उभं राहून बोटं दाखवा, किती ते त्याने ओरडून सांगायचं. फार साधं वाटतं, पण खांद्यावरून बघायची सवय याच वयात लागते. फक्त हॉकीच नको, फुटबॉल खेळू दे, चर्चगेटला मैदानी हॉकी खेळता आली तर उत्तम, आणि कबड्डी जरूर, अंगाला अंग लागायची भीती जाते आणि पाय खाली ठेवून माणसाला कोपऱ्यात नेणं कळतं. मॅच बघताना त्याला सांगा की एक पिरियड पकवरून नजर काढ, एकच डिफेन्समन निवड आणि तो पक नसताना काय करतो तेवढं लिहून ठेव.

बर्फासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीत लेहला शिबिरं असतात, डेहराडूनचं मोठं रिंक बरीच वर्षं बंद राहून २०२५ मध्ये परत सुरू झालंय, गुरुग्रामला मॉलमध्ये छोटं रिंक आहे, तिथे निदान पात्यावर थांबणं शिकता येतं. लेहला गेलात तर पहिले दोन दिवस खेळू देऊ नका, उंची अंगवळणी पडू दे.

सामान घेताना मानेचा गार्ड आणि चांगलं हेल्मेट यात तडजोड करू नका, बाकी पॅड जुने चालतात. स्केट्स मात्र, पाय वाढतोय म्हणून एक साइज मोठे घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे ती इथे मोडा. आइस स्केट बहुतेक कंपन्यांचा बुटाच्या नंबरापेक्षा एक ते दीड नंबर लहानच लागतो, बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि टाच आत हलता कामा नये. टाच हलली की कड पकडत नाही आणि मग शिबिराचे सगळे पैसे पाण्यात.